कागदाच्या घडीचा बारीक खाऊ: समोसा उलगडते, संत्र चेपकं राहते

वैनगंगाकाठची

नमस्कार मंडळी. भुलाबाईपुढं (भादव्यापासून कोजागिरीपर्यंतचा आमच्याकडचा पोरींचा सण) मांडायला कागदाच्या घड्यांचं छोटं ताट करून राहिलो आम्ही. त्यात घडीची पोळी, सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर), समोसा, करंजी अन् संत्र ठेवायचं आहे. कागद तालुक्याच्या दुकानात मिळते तोच, घोटीव आणि झेरॉक्सचा. घोटीव कागदाची घडी दाबली की रंग उडून पांढरी रेघ दिसते. समोसा रात्रीतून उलगडते. संत्र फुंकलं तर एका बाजूनं चेपकं राहते. मोठ्या कागदात हेच नीट जमते, लहान केलं की बिघडते. पाचवी-सहावीच्या पोरी हाताशी आहेत, म्हणून मापासकट सांगा.

घडीकाम_दारव्हा

ताई, आधी सगळ्या ताटाचं एकच प्रमाण धरा, नाहीतर समोसा भाकरीएवढा होते. पोरींना चौथाई सोपं पडते: खरं माप घ्यायचं, चारनं भागायचं. ३० सेंटिमीटरचं ताट साडेसातचं, २० ची पोळी ५ ची, ८ चा समोसा २ चा, ७ चं संत्र पावणेदोनचं. याच्याखाली पहिल्या खेपेला जाऊ नका.

लहान केलं की बिघडते, कारण कागदाची जाडी लहान होत नाही. झेरॉक्सचा ७५-८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असते. संत्र्याच्या घडीत काही जागी आठाच्या वर थर येतात, म्हणजे पाऊण मिलिमीटरचा गठ्ठा. १५ सेंटिमीटरच्या चौकोनात तो खपून जाते, पावणेदोनच्या संत्र्याला लागते त्या ७ च्या चौकोनात नाही. बाहेरच्या थराला आतल्या थरांवरून वळसा घालावा लागते, तिथं तो कमी पडते अन् टोकं जुळत नाहीत. म्हणून जिथं थर जास्त तिथं पातळ कागद घ्या. ओरिगामीचा म्हणून मिळते तो साधारण ६० जीएसएमचा असते, १५ च्या एका चौकोनातून ७ चे चार निघतात.

घोटीव कागदाला एकाच बाजूनं रंगाचा लेप असते. आतला कागद वाकते, लेप वाकत नाही, तडकते. अशा कागदाची घडी नखानं ओढू नका. वर साधा कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं एकदाच दाबा. तरी रेघ दिसलीच तर त्याच रंगाच्या पेन्सिलीचं टोक फिरवा. समोसा अन् पोळीत थर कमी असतात, तिथं घोटीव नकोच. वह्यांना घालतो तो खाकी कागद घ्या. रंग आरपार असते, रेघ पडत नाही, अन् तळलेल्या पारीचा रंग आयताच मिळते.

पुडीवाला

समोसा उलगडते कारण तुम्ही बहुतेक पट्टीची तिकोनी पुडी करून नुसती खोचता. भादव्यातल्या हवेत कागद दमट होते, तंतू फुगतात, घडी सैल पडते. खोचलेलं मोठ्या कागदात टिकते, २ सेंटिमीटरच्या समोशाला चिकटवावंच लागते.

पुडीऐवजी नळीचा समोसा करा. खाकी कागदाची ४.३ × २.३ सेंटिमीटरची चिट्टी कापा. लांबीतले ३ मिलिमीटर चिकटवायला, रुंदीत वर-खाली ३-३ मिलिमीटर कडेला. उरते ४ × १.७. चिट्टी पेन्सिलीवर वळवून नळी करा, जोड चिकटवा. जोड एका कडेला घेऊन नळी अलगद चपटी करा, रुंदी २ सेंटिमीटर येते. एक तोंड तसंच चिमटून बंद करा. आता नळी पाव फेरी फिरवून दुसरं तोंड आडवं चिमटा. दोन्ही चिमट्या एकमेकींना काटकोनात आल्या की चारही बाजू सारख्या तिकोनी होतात. ३ मिलिमीटरची कड दाबून तशीच राहू द्या, खऱ्या समोशालाही शिवण असतेच.

यात एक चूक हमखास होते. कागदाचे तंतू नळीच्या उभ्या दिशेनं असावेत, आडवे असले तर नळी वळताना मोडते. ओळखायला त्याच कागदाच्या सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. टोकाशी धरा. कमी लवते तिच्या लांबीत तंतू आहेत. तीच दिशा २.३ च्या बाजूला ठेवा.

फेविकॉल टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच. जास्त झाला की कागद भिजून सुरकुततो. मैद्याची खळ चालते: एक चमचा मैदा, सहा चमचे पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईस्तोवर ढवळायची. बुकबाइंडर तिच्यात किडीसाठी मोरचूद टाकतात. ते विष आहे, पोरींच्या हातात ती खळ नको. बिनमोरचुदाची एक-दोन दिवसांत संपवा.

सांबारवडी_प्रेमी

सांबारवडीसाठी खऱ्या वडीचीच घडी घालायची. फिकट पिवळा पातळ कागद, ४ सेंटिमीटर लांब, ३.५ रुंद. सांबारासाठी हिरवा पतंगाचा कागद बोटांनी फाडून बारीक तुकडे करा. कात्रीनं कापलेले तुकडे नका घेऊ, त्यांच्या कडा सरळ येतात अन् सांबार वाटत नाही. मधोमध सव्वा सेंटिमीटर रुंदीची ओळ भरा. रुंदीच्या दोन्ही बाजू एकावर एक आणा, मग दोन्ही टोकं पाऊण-पाऊण सेंटिमीटर आत वळवा. वडी अडीच सेंटिमीटरची होते. सारण ठासलं की टोकाची घडी उघडते, बाहेरून हिरवं जरासं दिसेल इतपतच भरा.

पोळीला ५ सेंटिमीटरचा गोल, दोनदा दुमडून चौथाई घडी. ती कडक दाबू नका, पोळीची घडी मऊच दिसली पाहिजे. डागांसाठी कोऱ्या चहाचं घट्ट पाणी कापसाच्या बोळ्यानं टिपा, अन् दुमडायच्या आधीच, पसरून वाळवा.

करंजी सगळ्यात नाजूक. अडीच सेंटिमीटरचा गोल हवा, १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असते, त्याच्याभोवती आखलं तरी जवळपास जमते. अर्धा दुमडा, आत कापसाचा दाणा. मुरड सलग वळत नाही, कारण कागद पारीसारखा ताणत नाही. म्हणून गोल कडेला दर २ मिलिमीटरवर २ मिलिमीटर खोल काप द्या अन् एकेक पाकळी टूथपिकनं एकाच दिशेला तिरपी दुमडा. हे काप मोठ्यांनीच द्यावेत.

खरं तेल लावून तळल्यासारखी चकाकी आणू नका, डाग पसरते अन् मुंग्या येतात. बिनरंगाची नेलपॉलिश एक हात पुरे.

वैनगंगाकाठची

समोसा जमला, कड तर खऱ्यासारखीच दिसते. संत्र मात्र पातळ कागदातही एका अंगानं चेपकंच. कागद ओला करून घडी घातली तर?

घडीकाम_दारव्हा

ओली घडी ही जपानच्या अकिरा योशिझावांची (१९११–२००५) पद्धत. ती जाड, खळ मुरलेल्या कागदाला लागते. ७ सेंटिमीटरचा पातळ कागद ओला केला की घडीवर फाटते. कोरडंच करा.

चेपकं राहते ते पायाच्या घडीमुळे. दोन्ही कर्णांच्या घड्या एका बाजूनं, मग कागद उलटवून मधली आडवी घडी एकच. अशानं कागद आपोआप तिकोनात मिटते. तिन्ही घड्या एकाच बाजूनं घातल्या की तिकोन वाकडा बसते, पुढचं सगळं त्याच्यावर उभं असते. तिकोनाची समोरची खालची दोन टोकं शेंड्याला न्या, बाजूचे कोपरे मध्यावर, शेंड्याची सुटी टोकं कोपऱ्यांच्या खिशात. मागेही तसंच. खिशात टोक अर्धवट राहिलं की फुगवताना तीच बाजू सुटते. चेपकं राहायचं दुसरं कारण हे.

फुंकू नका. एवढ्या लहान भोकातून श्वासाची वाफ जाते अन् कागद लिबलिबीत होते. आधी चारही पाळ्या काटकोनात उघडा, मग भोकातून बोथट सुई घालून आतून एकेक बाजू ढकला. ७ च्या चौकोनातून पावणेदोनचा ठोकळा निघते, बाजू कागदाच्या चौथ्या हिश्श्याची. आठही कोपरे बोटानं थोडे आत दाबले की गोलाई येते. भोकावर हिरव्या कागदाचा ३ मिलिमीटरचा देठ चिकटवा, भोक झाकते.

झालेला खाऊ कोजागिरीपर्यंत घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा अन् ताट मांडायच्या वेळीच काढा.

पुडीवाला

एक राहिलं. उन्हाळ्यात करायचं झालं तर उलटा त्रास होते, मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कागद कडक होऊन घडीवर तुटते. आदल्या रात्री डब्यात ओला फडका एका वाटीत ठेवा, कागद शेजारी, फडक्याला न लागता. सकाळी घडी मऊ बसते.