नवी बीआरझेड आणि ४०००ची मर्यादा: रनिंग-इनमध्ये नेमकी कशी चालवायची?

गिअरवेडा:
मंडळी, सुबारू बीआरझेड ही स्पोर्ट्स कार घेतली. नवी पिढी, २.४ लिटर, सहा गिअरची मॅन्युअल. याआधी कायम डिझेल हॅचबॅक चालवलीय, त्यामुळे हातपाय अजून तिच्याच सवयीचे. पुस्तिकेत लिहिलंय की रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंत, पहिले १६०० किमी ४००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर जायचं नाही, एकाच वेगात फार वेळ चालवायची नाही, दणकून ब्रेक मारायचा नाही. टॅकोमीटर, म्हणजे आरपीएमचा काटा, पार सात हजारांच्या पुढे जातो. म्हणजे बंगला घेतला आणि वरचा मजला कुलूपबंद! ४०००च्या धास्तीने मी भराभर वरचे गिअर टाकतो, तर चौथ्यात १५००ला गाडी गुरगुरते. मित्र म्हणतो, पहिल्या दिवसापासून पिळ, नाहीतर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसणारच नाहीत. कुणाचं ऐकू? शिवाय क्लच पायात बसत नाहीये, सिग्नलला गचके देते.

तेलकट_हात:
४०००ची भीती सोडा, १५००ची धरा. वरच्या गिअरात, कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबलात की पिस्टन-बेअरिंगवर भार येतो आणि तेलाचा थर मात्र तेवढा भक्कम नसतो. नव्या इंजिनाला ते जास्त बाधतं. आणि गंमत बघा, या इंजिनाचा २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ३७००लाच पूर्ण मिळतो. खरी ओढ तुमच्या हातात आहेच. राहिलं ते ७०००चं पॉवर, त्याला थांबा.

मित्राचं अर्धं खरं आहे. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून काढलेल्या, बारीक तिरक्या रेघा असतात. त्यांची टोकं झिजून रिंगा बसतात आणि त्यासाठी लोड, म्हणजे इंजिनावर भार, लागतो. पण लोड म्हणजे रेडलाइन, काट्याची शेवटची लाल रेघ, नव्हे. इंजिन गरम झालं की तिसऱ्यात २०००पासून ३५००पर्यंत नीट ओढा, मग पाय काढून गिअरातच मंदावू द्या. हे वरखाली होत राहू दे. हायवेवर क्रूझ कंट्रोलने एकच वेग लावून तासभर बसणं मात्र टाळा.

आणि नवं फक्त इंजिन नसतं हो. मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरेन्शियलचे दाते, ब्रेक पॅड, टायर, सगळंच कोरं. नवे टायर सुरुवातीला गुळगुळीत असतात आणि ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी. ओल्या वळणावर उजवा पाय आवरा.

क्लचसाठी सपाट, मोकळी जागा शोधा. ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता क्लच हळूहळू सोडत गाडी नुसती सरकवा, परत दाबा, परत सरकवा. त्याआधी सीट पुढे घ्या: क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला हवा. जाड तळव्याचे बूट नकोत.

जुनाखिलाडी:
१००० किमीला ऑइल बदलून टाका. आमच्या वेळी सगळे बदलायचे.

तेलकट_हात:
बदललंत तर नुकसान काही नाही. पण हा सगळ्या गाड्यांचा एकच नियम नाही. बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ या स्पोर्ट्स गाड्यांना २००० किमीला रनिंग-इन सर्व्हिस कंपनीच सांगते. ज्याची त्याची पुस्तिका बघा. बाकी पाण्याचा काटा वर आला म्हणजे तेल तापलं असं नाही, तेलाला जास्त वेळ लागतो. ऑइल टेंपरेचर डिस्प्लेवर घेऊन ठेवा.

गिअरवेडा:
आभार! तिसऱ्यातच राहून बघितलं, गुरगुर गेली. ठरवलेल्या आरपीएमला इशारा देणाऱ्या रेव्ह इंडिकेटरचा बझर ४०००ला लावलाय. बायकोला वाटलं, नव्या गाडीत बिघाड. एकच शंका: ओव्हरटेक करताना बझर वाजला तर पाय काढायचा?

तेलकट_हात:
अजिबात नाही. पुस्तिकेतच ‘आणीबाणी वगळता’ लिहिलंय. समोरून ट्रक येत असेल तर ५५००ला जाऊ दे, पण पुढे निघा.