मदत हवी आहे: मायच्या फुफ्फुसात ५ मिमीची ‘गाठ’, कॅन्सर पसरला असं समजायचं का?

पऱ्हाटी:
आर्णी तालुक्यातल्या खेड्यातून लिहितेय. रेंज फक्त गच्चीवर मिळते, उत्तराला उशीर झाला तर राग मानू नका.

माय ५६ वर्षांची. उजव्या स्तनाचा कॅन्सर. जूनमध्ये ऑपरेशन झालं, काखेतल्या १४ पैकी २ गाठींत आजार निघाला. ईआर, पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू या प्रथिनाची तपासणी निगेटिव्ह. केमोच्या लाल सलाइनचे ४ डोस झाले, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, तेही केमोचंच औषध. त्यातले ५ झालेत. खोकला हटेना म्हणून छातीचा सीटी काढला. रिपोर्टमध्ये लिहिलंय: दोन्ही फुफ्फुसांत मिळून ३ बारीक नोड्यूल (छोट्या गाठी), सर्वात मोठा ५ मिमी, उजवीकडे वरच्या भागात, त्यात कॅल्शियम. ‘इन्डिटरमिनेट’, म्हणजे नक्की काय ते सांगता येत नाही, पुन्हा सीटी करा.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, “बघू तीन महिन्यांनी” म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. विचारायचं ते तोंडातच राहिलं. तीन महिने नुसतं बसून राहायचं? पीईटी (कॅन्सर शोधायला सगळ्या अंगाचा काढतात तो स्कॅन) करून घ्यावा का? काका म्हणतात तुकडा तपासायला सुई लावू नका, सुईनं आजार पसरतो. ऑपरेशनआधी फक्त एक्स-रे काढला होता, त्यात काही नव्हतं.

मायला अजून नीट सांगितलं नाही. पण ती आमची कुजबुज ऐकते. काल कापूस वेचता वेचता म्हणाली, “माह्या छातीत अजून गाठ निंघाली काय वं?” काय बोलू?

अकोल्याचा_बाबू:
बायकोचं अगदी असंच. ४ मिमीचे दोन. आम्ही रात्र-रात्र जागलो. तीन महिन्यांनी तेवढेच, वर्षानं तेवढेच. लहानपणी टीबी झाला होता, त्याचे डाग निघाले. तुमच्या मायला कधी टीबी? घरात कोणाला?

फिल्मवाला:
मी सीटी मशीनवर काम करतो, डॉक्टर नाही. माझं बोलणं निदान समजू नका.

पहिलं म्हणजे ‘गाठ’ म्हणू नका. स्तनात होती तीही गाठ आणि ही ज्वारीच्या दाण्याएवढी खूणही गाठच, म्हणून घरात अर्धी भीती शब्दानंच घातली. आम्ही ठिपका म्हणतो.

ठिपका बऱ्याच कारणांनी येतो: जुना टीबी, बुरशी, केमोत प्रतिकारशक्ती कमी झाल्यावरचा संसर्ग. कॅन्सरनंही येतो, ते नाकारता येत नाही. वरच्या भागात कॅल्शियम धरलेला ठिपका बहुधा जुना भरलेला घाव असतो. गोल, लहानमोठे, खालच्या भागात विखुरलेले आणि वाढत जाणारे ठिपके असतील तर डॉक्टर सावध होतात. ५ मिमी साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, म्हणून ‘आधी नव्हता’ असं म्हणता येत नाही.

पीईटीची घाई नको. ८ मिमीच्या खाली त्यावर फार भरवसा ठेवत नाहीत, आणि चालू टीबीही त्यात चमकतो. पैसे जातील, शंका राहील. करायचाच झाला तर सरकारी आरोग्य योजनेत बसतो का, ते आधी दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला विचारा.

पुढचा सीटी शक्यतो त्याच मशीनवर, पातळ कापांचा. सीटीची सीडी मागून घ्या, नुसत्या कागदावर तुलना होत नाही. एक गंमत अशी की केमोत ठिपका आक्रसला की लोक आनंदतात, पण तेव्हाच डॉक्टर विचारात पडतात, कारण जुना डाग केमोनं आक्रसत नाही, म्हणजे तो कॅन्सरचा असू शकतो.

बाभूळ:
सगळ्यांचं गोड निघत नाही, म्हणून लिहिते. माझ्या बहिणीचे ठिपके दुसऱ्या सीटीत वाढले, एक १२ मिमीचा झाला. सुई लावली, स्तनाचाच आजार निघाला. हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन वर्षं झाली, घरचं सगळं करते, नातवाला शाळेत सोडते. सुईनं पसरला वगैरे काही नाही. सुईमुळेच कोणती गोळी चालेल ते कळलं. काकांना सांगा. ५ मिमीला मात्र डॉक्टर स्वतःच सहसा सुई लावत नाहीत, इतक्या लहान जागी ती नेमकी पोचवणं अवघड असतं.

खोकला वाढला, थुंकीत रक्त आलं, दम लागला किंवा ताप आला तर तीन महिने थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. केमो चालू असताना ताप म्हणजे धावपळच.

पऱ्हाटी:
बाबूभाऊ, तुमचा टीबीचा प्रश्न वाचून मायला विचारलं. ती हसलीच. “तू पोटात होती तवा मले सहा महिने गोळ्या होत्या, तुले कोण सांगितलं नाही?” कोणीच नाही. मी ३१ वर्षांची!

पेटीत लुगड्यांखाली जुना एक्स-रे सापडला, कडा चिकटलेल्या. उजवीकडे वर एक पांढरी खूण आहे, पण ती हीच का, ते मी ठरवणार नाही.

मायला सांगितलं: छातीत बारीक ठिपके दिसतात, जुन्या टीबीचे असू शकतात, तीन महिन्यांनी परत पाहतील. ती म्हणाली, “मंग एवढी कुजबुज काहून करता?”

सोमवारी सहावा डोस. नंबर लागला की आधी जुना एक्स-रे आणि सीडी टेबलावर ठेवणार, मग टीबीचं सांगणार, मग विचारणार: खोकला ठिपक्यांचा की केमोचा? थुंकी तपासायची का? चालू उपचार तसेच पुढे न्यायचे ना? तीनच प्रश्न, हातावर लिहून नेते. पहाटेची एसटी ५ वाजता आहे, एक्स-रे खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलाय, दुसरं काही मोठं मिळालं नाही.