नांगरटीत सापडलेली धातूची वस्तू: मूठ की कडी? आणि उरलेल्या शेतात डिटेक्टर फिरवावा का?

मांजलपूरकर
मंडळी, बडोद्याहून डभोईकडे जाताना माझ्या मामेभावाचं शेत लागतं. नांगरटीत ट्रॅक्टरची पिन पडली, ती शोधायला मित्राचा मेटल डिटेक्टर नेला होता. पिन मिळाली नाही, ढेकळात ही वस्तू मिळाली. वीतभर लांब, धनुष्यासारखी वाकलेली, दोन्ही टोकं चपटी, मधोमध झिजलेला चेहरा. नाक आणि गाल कळतात, डोळे गेलेत. वजन ४१० ग्रॅम, लोहचुंबक चिकटत नाही. अंगावर गडद हिरवा थर, एका खाचेत फिकट हिरवी भुकटी.
मला ही जुन्या सुरईची मूठ वाटते. आपल्या बडोद्यातल्या अकोट्यात रोमन बनावटीची कांस्य मूठ सापडलेलीच आहे. आणि पावसाआधी सगळं शेत डिटेक्टरने चाळावं असंही वाटतं, नाहीतर उरलेलं फाळाखाली चेचलं जाईल.

तांबटाची लेक
दादा, आधी चपट्या टोकांची मागची बाजू बघा. पेचाचे आटे दिसले तर मूठ वगैरे विसरा, ती विलायती कपाटाची कडी. तसे चेहरे कड्यांवर असायचे. कडेने बारीक उभी रेघ असेल तर दोन भागांच्या साच्यातलं ओतकाम. मेणाचा नमुना वितळवून केलेल्या ओतकामात ती रेघ सहसा येत नाही.
ती फिकट भुकटी मात्र वाईट. जमिनीतल्या क्षारांनी धातू आतून खायला घेतलाय, ओल लागली की पसरतं. पाण्यात बुडवू नका, चिंच-लिंबू तर अजिबात नको. कोरड्या डब्यात ठेवा.

विश्वामित्रीकाठ
शेत चाळायला माझा सक्त विरोध आहे. १९७४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एका शेतकऱ्याला धातूचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, मिळून साठ किलोंहून जास्त. पण ते मातीच्या थरांच्या पद्धतशीर उत्खननात मिळाले नव्हते. म्हणून काळावर वाद झाला: पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी ते उत्तर-हडप्पा (सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या) काळाचे मानले, तर दुसरे अभ्यासक अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकवरून शंका घेतली. एवढ्या देखण्या वस्तू, आणि सोबत कोणतं खापर होतं, राख होती का, हेच हातात नाही. तुमच्या डिटेक्टरला खापर ऐकू येत नाही दादा. तो फक्त धातू उपटायला सांगतो.

शेतीवाला
काका, हे घरात बसून बोलायला ठीक आहे. नांगरलेल्या मातीत कसले थर? दरवर्षी फाळ फिरतो, वर खत पडतं. मध्य प्रदेशात बालाघाटजवळ गुंगेरियाला १८७० मध्ये तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पत्रे मिळाले, ते गुरं राखणाऱ्या पोरांना. आमच्यासारख्यांनीच या वस्तू पाहिल्या म्हणून त्या वाचल्या. शोधूच नका म्हणणं म्हणजे भंगारवाल्याला देऊन टाका म्हणणं. माझ्या डोळ्यांदेखत एक गडवा (पाण्याचं भांडं) किलोच्या भावात गेलाय, तो अजून सलतो.

विश्वामित्रीकाठ
गडव्याचं वाचून मलाही वाईट वाटलं. फाळाने उलथलेल्या वरच्या मातीबद्दल तुमचं मान्य. पण डिटेक्टरचा आवाज त्याखालूनही येतो, आणि माणूस तिथे थांबत नाही, खणतो. फाळाखालचा भाग अजून शाबूत असतो.
शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. मालक निघाला नाही तर एरवी शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश मिळतो. म्हणजे कळवण्यात तोटा नाही, लपवण्यात आहे.

तांबटाची लेक
आणि कळवताना जागेचा फोटो द्या, नुसता वस्तूचा नको.

मांजलपूरकर
ताई, तुमचं वाचायला उशीर झाला. काल रात्री एका टोकाला लिंबू चोळलं. नखाएवढी जागा लालसर झालीये, बाकीच्या हिरव्यात ती जखमेसारखी दिसते. फार चुकलं. मागे आटे नाहीत. रेघ मात्र आहे, डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत.
काका, फाळाखाली हात लावणार नाही, शब्द देतो. पण वरची माती पेरणीआधी चाळायला हवी हे माझं मत कायम आहे, जाणकार कुणी सोबत आलं तर उत्तमच. सकाळी शेतात जाऊन आलो. आंब्याच्या बांधापासून सतरा पावलं, विहिरीकडून तिसरी सरी, तिथे खुंटी ठोकलीये. तिच्या आसपास वर आलेली लाल खापरं जिथल्या तिथे राहू दिलीत. सोमवारी कलेक्टर कचेरीत अर्ज देतो.