मदत हवी आहे : ब्रेक दाबला की मागचा दिवा उजळायच्या ऐवजी मंदावतो

नमस्कार. मी भांडुपला राहते, नोकरी बीकेसीत. रोजचा रस्ता एलबीएस मार्गाने : गांधीनगर, घाटकोपर, कुर्ला. गाडी १२५ सीसीची मोटारसायकल, २०१८ ची, दोन वर्षांपूर्वी मामाकडून घेतलेली. पुढे डिस्क, मागे ड्रम ब्रेक. पाऊस सुरू झाल्यापासून ब्रेक लाइटचं काहीतरी बिनसलंय. दोन गॅरेज झाली, फरक नाही. आता नुसतं दुरुस्त करून नकोय, नेमकं काय होतंय ते कुणीतरी समजावून सांगा.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी शीतल सिनेमाच्या आसपास पाणी साचलं होतं आणि पुढच्या सगळ्या गाड्या एकदम थांबल्या. मीही ब्रेक मारला. मागून येणाऱ्या स्कूटरचं चाक माझ्या नंबर प्लेटला टेकलं. स्कूटरवर पुढे पाच-सहा वर्षांचा मुलगा उभा होता, पाठीला दप्तर, अंगात रेनकोट. कुणाला काही लागलं नाही. त्याचे वडील चिडलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, तुमचा ब्रेक लाइट लागला नाही हो. उलट जो लागलेला होता तोच गेला." त्या मुलाचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

घरी आल्यावर भावाला मागे उभं करून बघितलं. गाडी चालू असताना टेल लाइट व्यवस्थित लागते. ब्रेक दाबला की ती मंद होते, कधी कधी जवळजवळ विझते. सोडला की पुन्हा नीट. सकाळी कोरड्या हवेत काही वेळा मात्र ब्रेक लाइट छान लागतो, म्हणून गॅरेजमध्ये नेली की तिथे दोष दिसतच नाही.

आतापर्यंत केलेलं : बल्ब दोनदा बदलला. मागच्या ब्रेकचा स्विच नवीन टाकला. दुसऱ्या गॅरेजमधल्या काकांनी बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला, १२.४ व्होल्ट आले, तेव्हा ते म्हणाले, "करंट येतोय, वायरिंगला काही झालेलं नाही." अर्थचं, म्हणजे बल्बमधून फ्रेमकडे करंट परत नेणाऱ्या वायरचं, विचारलं तर म्हणाले, टेल लाइट लागते म्हणजे अर्थ ठीकच असणार. हॉर्न, इंडिकेटर, हेडलाइट सगळं चालू आहे, म्हणजे फ्यूजही शाबूत. मग दोष उरतो कुठे?

—

घाटकोपर पूर्व :
एलईडी बल्ब टाकून बघा. माझ्या गाडीला असाच त्रास होता, एलईडी लावल्यापासून गेला.

—

जुनं वायरिंग :
ताई, एलईडी आत्ता टाकू नका, कारण शेवटी सांगतो. आधी तीन गोष्टी बघून कळवा.

पहिली, पुढचा ब्रेक दाबला आणि मागचा दाबला, दोन्ही वेळा सारखंच होतं का? दुसरी, ब्रेक धरून ठेवा आणि एका बाजूचा इंडिकेटर लावा. इंडिकेटरच्या उघडझापीबरोबर ब्रेक लाइटही लपकतो का? तिसरी सगळ्यात महत्त्वाची. मागच्या लाइटची लाल काच काढा, दोनच स्क्रू असतील. इंजिन बंद, फक्त चावी चालू. ब्रेक दाबा आणि बल्बच्या आत निरखून बघा. आत दोन तारा आहेत. बारीक तार टेल लाइटची, ५ वॅट. जाड तार ब्रेकची, २१ वॅट. ब्रेक दाबल्यावर कोणती तार पेटते ते सांगा. अंधारात करा, म्हणजे चुकणार नाही.

हे होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका, ही विनंती. भांडुपहून स्लो लोकलने कुर्ला आणि तिथून शेअर रिक्षा, चार दिवस गैरसोय होईल. मागच्याला तुमचा ब्रेक दिसत नाही इथवर ठीक, पण इथे तर ब्रेक मारताना तुम्ही पुढे अंधारात निघून गेल्यासारख्या दिसता. पावसात तो अंतर कसं राखणार?

—

पाना दहा-बारा :
बल्बच्या बुडाशी शिशाचे दोन ठिपके असतात ते झिजलेत का बघा. होल्डरमधल्या पट्ट्या आत दबल्या असतील तरी असं होतं. आणि बल्बच्या अंगावरच्या दोन पिना खालीवर असतात, म्हणजे बल्ब एकाच बाजूने बसायला हवा. कुणी जोर लावून उलटा बसवला असेल तर टेल आणि ब्रेकची अदलाबदल होते.

—

प्रश्न विचारणारी :
धन्यवाद सगळ्यांना. कालपासून ट्रेनने जातेय. रात्री भावाबरोबर सगळं करून बघितलं.

बल्ब बरोबर बसलेला आहे, ठिपके चांगले आहेत, पट्ट्यांना स्प्रिंग आहे. पुढचा ब्रेक दाबा नाहीतर मागचा, अगदी सारखंच होतं. इंडिकेटर लावला तर ब्रेक लाइट त्याच्याबरोबर लपकतो, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

आणि काच काढली तेव्हा दोघंही चकित झालो. इंजिन बंद, ब्रेक दाबलेला, तर जाड तार नुसती लालसर होते आणि बारीक तारही थोडी पेटते! भावाने मडगार्ड हलवलं तेव्हा क्षणभर जाड तार पूर्ण विझली आणि बारीकच पेटत राहिली. टेल लाइटची तार ब्रेक दाबल्यावर कशी पेटते? चावी चालू असली तरी माझ्या गाडीत इंजिन बंद असताना टेल लाइट लागतच नाही.

—

जुनं वायरिंग :
तुम्ही इतकं नीट बघितलंत की आता अंदाज बांधायची गरज उरली नाही. अर्थ गेली आहे. बल्बपासून फ्रेमपर्यंत परत जाणारी वायर कुठेतरी सांध्यात कळकली आहे.

आधी स्विच बाजूला ठेवू. पुढचा आणि मागचा स्विच समांतर जोडलेले असतात, कोणताही एक लागला तरी त्याच एका वायरमधून करंट बल्बकडे जातो. दोन्ही ब्रेकला एकच लक्षण, म्हणजे दोष दोन्ही वायरी एक होतात त्याच्या पुढे. तुमचा नवीन स्विच फुकट गेला, पण तो चांगला आहे, राहू द्या.

आता बारीक तार का पेटते? दोन्ही तारांचं एक टोक बल्बच्या पितळी अंगाला जोडलेलं असतं. ब्रेक दाबला की करंट जाड तारेतून पितळी अंगावर येतो आणि तिथून त्याला अर्थच्या वायरने घरी जायचं असतं. ती वाट बंद असली तर तो तिथे थांबत नाही. बारीक तारेतून उलटा शिरतो, टेल लाइटच्या वायरने पुढे हेडलाइटपर्यंत जातो आणि तिथल्या अर्थने बाहेर पडतो. वाटेत बारीक तारेचा अडथळा सगळ्यात मोठा, म्हणून ती पेटते आणि जाड तार थंड राहते. गाडी चालू असताना मात्र टेलच्या वायरीतही करंट असतो, त्यामुळे ही पळवाटही बंद होते. म्हणून रस्त्यावर ब्रेक दाबला की दोन्ही मंदावतात.

गॅरेजवाल्यांनी टेल लाइटवरून अर्थ ठीक ठरवली, ही चूक फार जणांकडून होते. ५ वॅटच्या तारेला अर्धा अँपियरही लागत नाही. २१ वॅटला पावणेदोन अँपियर लागतो. कळकलेला सांधा अर्धा अँपियर कसाबसा सोडतो, दोन अँपियर मागितले की हात टेकतो. आणि १२.४ व्होल्ट बल्ब काढून मोजले. बल्बच नाही तर करंट वाहत नाही, आणि करंट वाहत नाही तर सांधा कितीही खराब असू दे, मीटरला व्होल्ट पूर्णच दिसणार. नळाच्या तोंडावर अंगठा ठेवला की दाब भरपूर लागतो, पण अंगठा काढल्यावर बादली भरते का ते बघायचं असतं. पेटलेल्या २१ वॅटच्या बल्बचा अडथळा साधारण ७ ओम. सांध्यानेही तेवढंच अडवलं तर अर्धे व्होल्ट त्या सांध्यातच संपतात.

म्हणून मोजायचं ते बल्ब लावून आणि ब्रेक दाबून. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला, हात पुरत नसेल तर वायरचा तुकडा जोडा. लाल प्रोब होल्डरच्या धातूच्या कडीला. अर्थ चांगली असेल तर ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसतील. जास्त दिसले तर अर्थच्या वायरवर एकेक सांधा मागे येत मोजा. ज्या सांध्याच्या एका बाजूला व्होल्ट आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, तोच चोर.

आणि एलईडीबद्दल. एलईडीला करंट अगदी थोडा लागतो, म्हणून खराब सांध्यातूनही तो लागेल. दोष झाकला जाईल, कळकणं आत चालूच राहील, आणि एक दिवस भर पावसात तोही जाईल. घाटकोपरच्या मित्राने सीटखालचे सांधे एकदा उघडून बघावेत, असं मनापासून सुचवतो.

—

घाटकोपर पूर्व :
हे माहीत नव्हतं. रविवारी सीट काढतो.

—

प्रश्न विचारणारी :
सापडलं!

ऑफिसमधल्या एका दादांकडून मीटर आणला. होल्डरच्या कडीला ब्रेक दाबून ५.८ व्होल्ट. बॅटरीतले जवळजवळ अर्धे व्होल्ट बल्बला मिळतच नव्हते. माझ्या गाडीत अर्थची वायर हिरवी आहे. ती मडगार्डच्या आतून सीटखाली येते. तिथल्या कपलरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगच्या आधी काळ्या टेपचा एक गोळा होता, मला वाटलं कंपनीचाच असेल. त्याच्या मागच्या बाजूला सुई टोचून मोजलं तर ५.७. पुढच्या बाजूला ०.१.

टेप सोडवली. आत दोन्ही मागच्या इंडिकेटरच्या आणि बल्बच्या अशा तीन हिरव्या वायरी नुसत्या पिळून चौथीला जोडलेल्या होत्या. टेपचा गोंद वितळून काळा चिकट झालेला आणि तांबं हिरवं पडलेलं, ताक ठेवलेल्या पितळी भांड्यासारखं. एक वायर ओढली तर हातात आली. इंडिकेटरबरोबर ब्रेक लाइट का लपकत होता तेही तेव्हाच कळलं, सगळ्यांची परतीची वाट एकच होती.

मामाला फोन केला. म्हणाला, २०२१ मध्ये गाडी घसरून मागचं मडगार्ड तुटलं होतं, बदलताना तिथल्या मुलाने वायरी कापून पुन्हा जोडल्या होत्या. मामा खूप हळहळला. "तुला गाडी देताना मी हे बघायला हवं होतं गं," म्हणाला. पण टेपच्या आत काय चाललंय ते त्याला तरी कसं दिसणार?

सध्या वायरींची टोकं कापून स्वच्छ तांबं बाहेर काढलंय आणि तात्पुरतं जोडून बघितलं. कडीला ०.१ व्होल्ट. जाड तार अशी पेटली की भावाने डोळ्यांवर हात घेतला. आता पक्कं कसं करू? झाळून घेऊ का? शेजारचे टीव्ही दुरुस्त करणारे काका सोल्डर करून द्यायला तयार आहेत.

—

जुनं वायरिंग :
शाब्बास. काकांना नम्रपणे नाही म्हणा. मोटारसायकलच्या कंपनात सोल्डरच्या कडेला वायर ताठ होते आणि नेमकी तिथेच तुटते. क्रिंप करायचा, म्हणजे वायरीवर दाबून बसवायचा तांब्याचा जोड मिळतो तो घ्या, पक्कडने नाही तर क्रिंपिंगच्या हत्याराने दाबा, आणि वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळणारी, चढवा. नळी क्रिंप करायच्या आधी वायरीत ओवा, नाहीतर सगळं पुन्हा सोडवावं लागतं. लॅमिंग्टन रोडवर दोन्ही गोष्टी सहज मिळतील. नुसती टेप मुंबईच्या पावसाला पुरत नाही. इथली हवा खारट, सांधा उघडा असला की आतून खातेच.

तांबं कापल्यावरही आतून काळं दिसत असेल तर आणखी मागे कापा, चकचकीत रंग लागेपर्यंत. वायर तोकडी पडली तर एक चौरस मिलिमीटरचा तुकडा जोडा. कपलर उघडलाच आहात तर त्याच्या पिनाही जुन्या टूथब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने घासून घ्या, वरून थोडी पेट्रोलियम जेली.

—

पाना दहा-बारा :
मागचा स्विच नवीन आहे तर त्याचं सेटिंगही बघा. पायाखाली ब्रेक धरायच्या किंचित आधी दिवा लागायला हवा. फिरवायचा तो नट, स्विचचं अंग हाताने स्थिर धरा, नाहीतर वायरी पिळल्या जातात. ड्रमचा ब्रेक टाइट केला की हे दर वेळी पुन्हा बघायचं.

—

प्रश्न विचारणारी :
शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन सामान आणलं, भावाने दाबलं, मी नळी चढवली. स्विच थोडा उशिरा लागत होता, नट दीड फेरा फिरवल्यावर बरोबर झाला. काल रात्री धो धो पाऊस असताना गाडी मुद्दाम उघड्यावर ठेवली आणि सकाळी पुन्हा मोजलं, ०.१ व्होल्ट.

आज गाडीने आले. गांधीनगरच्या सिग्नलला थांबले तेव्हा मागच्या बेस्टच्या बसच्या काचेत माझा दिवा लाल भडक दिसत होता. हिरवा होईपर्यंत आरशातून तेच बघत बसले.