शेफिल्डमध्ये चार दिवस : पोलाद आणि डोंगर दोन्ही कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

मुलगी शेफिल्डला एमएस्सी करतेय. ऑगस्टअखेर मी आणि सौ. तिच्याकडे जातोय. नातेवाईक म्हणतात, तिथे काय बघायचंय, सरळ लंडन करा. पण माझी ३१ वर्षं भोसरीत टूलरूममध्ये गेली. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून हॅरी ब्रेअर्ली पोलादात क्रोमियम मिसळून बघत होता आणि १९१३ साली त्याच्या हाती स्टेनलेस लागलं, ते याच गावात. तिथवर जाऊन ते गाव नीट न बघता परतणं मला जमणार नाही.

मुलगी सांगते, गाव सगळं चढउताराचं, नद्या पाच. डॉन त्यातल्या त्यात मोठी. शीफ, रिव्हलिन, लॉक्स्ली, पोर्टर म्हणजे आपल्याकडचे ओढेच. पण त्यांच्याच पाण्यावर चाकं फिरायची आणि सुऱ्या-कात्र्यांना धार लागायची. पोर्टरकाठचा शेफर्ड व्हील हा तसला जुना कारखाना अजून उभा आहे, तो बघायचाच. केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात १९०५ सालचं, १२,००० अश्वशक्तीचं रिव्हर डॉन इंजिन आहे. चिलखती पत्रे लाटणारं ते धूड चालताना बघायची फार इच्छा आहे. नेमकं कधी चालवतात?

दुसरं, शहराचा जवळपास तिसरा हिस्सा पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येतो. स्टॅनेजच्या कड्याखाली घडवून तयार केलेले, पण गिऱ्हाईक न मिळाल्याने तसेच पडून राहिलेले जात्याचे दगड आहेत म्हणे. सौ.ला मात्र जांभळ्या फुलांच्या हेदर झुडपांची माळरानं बघायचीत आणि तिचा गुडघा दुखरा. हॅदरसेज स्टेशनवरून स्टॅनेजची चढण तिला झेपेल का? गाडी भाड्याने घ्यायची नाही.

प्रतिसाद

काका, काकूंना हॅदरसेजवरून चढवू नका, चढ चांगलाच आहे. कॅसलटनची बस फॉक्स हाऊसला थांबते. तिथे उतरलात की लाँगशॉच्या वाटा बऱ्याच सपाट आहेत, चहाचीही सोय आहे. ऑगस्टअखेर हेदर फुललेला मिळेल. स्टॅनेजला तुम्ही आणि मुलगी वेगळ्या दिवशी जा. इंजिन रोज दिवसभर चालत नाही, वेळा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघूनच दिवस ठरवा. आणि छत्रीच्या भरवशावर राहू नका, वर वारा फार असतो. दोघांनाही टोपीवाली विंडचीटर घ्या.