परदेशात गाडी चालवताना न कळलेल्या पाट्या - तुमचे किस्से लिहा

डोंगरवेडी
भाच्याची लर्निंगची परीक्षा आहे. काल जेवताना त्याची चिन्हं घेत होते, मी चित्र दाखवायचं आणि त्याने घास चावत चावत सांगायचं, तेवढ्यात मला एकदम जर्मनीतल्या स्टुटगार्टची ती पिवळी पाटी आठवली. पतंगासारखी टोकावर उभी, पांढरी कड आणि आत काहीच नाही. ना आकडा, ना बाण, ना चित्र. रोज बघायची मी आणि नवऱ्याला विचारायची, ही कशाची रे? तर म्हणे असेल कायतरी बसवाल्यांसाठी. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी त्यांच्या किचनमधल्या टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या फिरवून समजावलं. ही पाटी दिसते तोवर तू मोठ्या रस्त्यावर आहेस, गल्लीतून येणारा थांबेल, तू उगीच ब्रेक मारू नकोस, मागचा येऊन आदळेल. आणि पाटी नाही, सिग्नल नाही, असा चौक आला की उजवीकडून येणारा आधी, मग तो सायकलवाला का असेना. म्हणजे पाटी नसली तरी नियम आहेच! ज्याचा हॉर्न मोठा तो आधी, यावर वाढलेल्या माणसाने हे कसं ओळखायचं सांगा. पुढे तीच पाटी काळ्या तिरक्या रेघा मारलेली दिसली की समजायचं, आपलं राज्य संपलं.

तुम्ही कुठे कुठे चालवलीत? लिहा.

दत्तू डोंबिवलीकर
आजी भारी. अजून आहेत का?

डोंगरवेडी
आहेत की, दिवाळीला फोन करते मी. अजून स्वतः गाडी चालवतात.

निशिगंध
पांढरा गोल आणि त्यावर एकच काळी तिरकी रेघ. इंग्लंड. आकडाच नाही म्हटल्यावर आमच्या ह्यांचं म्हणणं की लिमिट संपलं, दाबा आता. तसं नसतं हो. साध्या दुहेरी रस्त्यावर ६० मैल, मधे दुभाजक असेल तर ७०, हे तुम्हाला पाठ आहे असं धरूनच ती पाटी लावलेली असते. आता गंमत बघा, कॉर्नवॉलला गेलात तर दोन्हीकडची झुडपं आरशांना घासतायत, समोरून ट्रॅक्टर, आणि पाटी तीच! कायद्याने तिथे ताशी ९६ किमीपर्यंत चालवता येते. आम्ही रामरक्षा म्हणत वीसने गेलो.
बाकी नंतर लिहिते, कुकर झाला

पावसाळी ढग
@निशिगंध वेल्सला जाणार असाल तर सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २० मैलच केलंय. रामरक्षा लागणार नाही.

खादाडखाऊ
इटलीचं कोणी लिहिलं नाही अजून?? लाल कडेचा पांढरा गोल, खाली वेळा लिहिलेल्या. झेडटीएल. जुन्या गावठाणात परवाना नसलेल्या गाड्यांना बंदी. फ्लोरेन्समधे आमच्या मित्राचं हॉटेल त्या हद्दीच्या आत, नकाशा म्हणाला वळा, हा वळला. कोणी अडवलं नाही, शिट्टी नाही, काही नाही. वर कॅमेरा. घरी येऊन फोटो बिटो लावून झाले आणि मग भाड्याच्या गाडीवाल्यांनी नुसता पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे कापले, दंड वेगळा आला. बाहेरच्या देशातल्या माणसाला नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात म्हणे, म्हणजे तोवर तुम्ही पुढच्या सुट्टीचं बुकिंग करताय. हॉटेल आत असेल तर आधी फोन करून गाडीचा नंबर द्या, ते कळवतात. आणि पास्ता मात्र त्या हॉटेलच्या मागच्या गल्लीत अफाट होता, नाव विसरला तो, नाहीतर दिलं असतं

दत्तू डोंबिवलीकर
खादाडखाऊ आणि पास्ता नाही असं होईल का 😂

शेखांचा शेजारी
दुबईत बोर्डावर १०० लिहिलंय म्हणजे कॅमेरा १२० पर्यंत काही बोलत नाही हे इथल्या लहान पोरालाही माहीत. पण तासाभरावर अबू धाबी लागलं की तसं नाही, २०१८ पासून तिकडे बोर्डावरचा आकडा तोच खरा आकडा. रस्ता तोच, वाळू तीच, नवीन माणसाला कळत पण नाही हद्द कधी बदलली. बाकी उंटाची पाटी दिसली तर हसू नका, रात्रीचा उंट खरंच दिसत नाही, त्याचे पाय लांब आणि हेडलाइट खाली. आणि सालिकच्या कमानीखाली टोल द्यायला थांबायचं नसतं, सासरे आले होते तेव्हा खिशातून सुट्टे काढून बसले होते.

लिंबूटिंबू
उजवीकडे वळायला सगळ्यात डावीकडे जायचं. हे मी बनवत नाहीये, मेलबर्नला या. ट्राम अडकू नये म्हणून चौकात डावीकडून शिरायचं, मधे जाऊन थांबायचं, आडव्या रस्त्याचा हिरवा झाला की मग उजवीकडे सटकायचं. आईला पहिल्यांदा नेलं तर ती डोळे मिटून बसलेली.

कोकणकडा
आमच्याकडे रिक्षावाले कुठलाही लेन धरून कुठेही वळतात, तेव्हा त्यात नवीन काय

सुमती आत्या
कॅनडात एकाच देशात दोन अर्थ. लेक टोरंटोला होती तेव्हा हिरवा दिवा लुकलुकला की बिनधास्त डावीकडे वळ, समोरच्यांना लाल आहे. मग जावयाची बदली व्हँकुव्हरला झाली, तिकडे तोच लुकलुकता हिरवा म्हणजे फक्त एवढंच की पादचाऱ्याने बटण दाबलं तर सिग्नल बदलेल, समोरची गाडी येतेच आहे. मी मागे बसून ओरडले म्हणून. आता मला पुढे बसवत नाहीत.

डोंगरवेडी
आत्या 😂😂 बरोबर ओरडलात

पावसाळी ढग
जपान. थांबाची पाटी अष्टकोनी शोधू नका, तिथे उलटा लाल त्रिकोण असतो. २०१७ पासूनच्या नव्या पाट्यांवर खाली इंग्रजीतही लिहितात, जुन्यांवर नुसतं जपानी. रेल्वे फाटक उघडं असलं तरी थांबून दोन्हीकडे बघायचंच. एक आवडलं, नवशिक्याने वर्षभर गाडीला हिरवं-पिवळं पान चिकटवायचं असतं आणि बाकीचे त्याला कट मारत नाहीत.

कोकणकडा
ते पान मला हवंय, बायको शिकतेय सध्या

मृण्मयी
जपानला इंडियन लायसन्स चालतं का?

पावसाळी ढग
नुसतं नाही, आपल्या आरटीओतून आयडीपी (आंतरराष्ट्रीय परवाना) काढून न्यायची, चालते. एक वर्ष मुदत.

निशिगंध
आले परत. स्वित्झर्लंडच्या घाटात निळ्या पाटीवर पिवळं पोस्टाचं शिंग असतं. त्या रस्त्यावर पिवळी पोस्टबस आली की तिचा ड्रायव्हर म्हणेल तसं, मागे घे म्हणाला तर रिव्हर्स. वळणाआधी तीन सुरांचा हॉर्न ऐकू येतो, फार गोड. आम्ही मागे घेतली, दरी डावीकडे, आणि नेमकी तेव्हाच धाकट्याला उलटी.

मृण्मयी
अरे देवा. माझीपण घाट लागला की सुरू होते. तुम्ही काय देता? गोळीने नुसती झोपते.

सुमती आत्या
आलेपाक दे. आणि निघताना दूध पाजू नकोस.

खादाडखाऊ
आलेपाक पाचगणीचा की घरचा?

सुमती आत्या
घरचा रे. रेसिपी टाकते संध्याकाळी.