आरतीला मास्क हवाच का? (सोसायटी ग्रुप, ८ सप्टेंबर २०२१)

देशमुख काका, सेक्रेटरी: परवा बाप्पांचं आगमन. हॉलमध्ये सहा-सहा फुटांवर चौकोन आखलेत. एका आरतीला पंधराच जण. चौकोनात उभं राहून मास्क काढायला हरकत नाही.

कुलकर्णी काकू: बरं झालं. मास्क लावून आरती म्हणताना दम लागतो हो.

मीनल, बी विंग: काका, चौकोन राहू देत, पण मास्क काढायला नको. सहा फुटांचा हिशेब मोठ्या थेंबांचा आहे, ते जड असल्यानं लवकर खाली पडतात. बारीक कण मात्र हवेत तरंगतात आणि बंद हॉलमध्ये उदबत्तीच्या वासासारखे कोपऱ्यापर्यंत पोचतात. मोठ्यानं गाताना तर ते जास्तच सुटतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट व्हॅलीत मार्च २०२० मध्ये एका गायकवृंदाची अडीच तास तालीम झाली. ६१ जण हजर, लक्षणं एकालाच. त्याच्यासकट ५३ जणांना कोविड झाला, त्यातले २० संशयित धरून. दोघं गेले.

पाटील काका: ते खेटून बसले असतील.

मीनल: हो काका, खुर्च्या जवळजवळच होत्या. पण एकाच माणसापासून इतक्यांना लागण झाली, ती काय फक्त शेजारच्या खुर्चीवरून? हवेतून पसरल्याची शक्यता तपास करणाऱ्यांनीही मांडली.

पाटील काका: माझ्या मेहुण्यानं कायम मास्क लावला, तरी झालाच ना त्याला!

मीनल: लावला की होतच नाही, असं नाही. बांगलादेशातल्या ६०० गावांच्या अभ्यासाचे आकडे याच महिन्यात आलेत. मास्क वाटून, समजावून वापर १३ टक्क्यांवरून ४२ वर गेला. दहातल्या चौघांनीच लावला, तरी सर्जिकल मास्कच्या गावांत लक्षणांसकटची लागण ११ टक्क्यांनी घटली. साठीपुढच्यांत ३५! आपल्या आरतीला पुढे कोण उभं असतं, सांगा.

कुलकर्णी काकू: आम्हीच गं.

मीनल: म्हणून तर जीव तुटतो, काकू. मोकळ्यावर लांब लांब उभं राहिलं की बरंचसं भागतं. बंद हॉलमध्ये, तेही गाताना, नुसतं अंतर पुरत नाही.

देशमुख काका: मग मूर्ती पार्किंगमध्ये बसवू. चौकोन तिथे आखतो, मास्कही राहील. पाऊस आला तर?

पाटील काका: ताडपत्री आहे माझ्याकडे. संध्याकाळी दोघं जण पाठवा.